विज्ञान कट्ट्याची वही: काय फसलं, किती गेले

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, चोपडा तालुक्यात. गावात विज्ञानाची भाषणं, आकाशदर्शन, पक्षी बघणं असं काही सुरू करायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, वक्ता कुठून आणायचा. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच आपटलो. आम्ही तिघं: शाळेतले सर, वाचनालयाच्या ताई आणि मी. दुकानात कॉइलच्या नोंदी ठेवतो त्याच वहीत मागच्या पानांवरून हे लिहीत गेलो. शेजारच्या गावांतले दोघंतिघं वही मागत होते, म्हणून जवळजवळ आहे तशी देतोय.

२७ ऑगस्ट २०२३, रविवार

बुधवारी, २३ तारखेला, चांद्रयान-३ उतरलं. दुकानात टीव्ही लावला होता. सहा वाजून चार मिनिटांनी ते उतरलं तेव्हा आत-बाहेर मिळून पन्नासेक माणसं असतील. दुरुस्तीला आलेल्या पाणबुडी मोटारींवर बसून बघत होते. त्यानंतर दोन दिवस प्रश्नच प्रश्न. तिकडे हवा नाही तर पॅराशूट का नाही? चौदा दिवसांनी बंद का पडणार? मला निम्मे येत होते, निम्मे सरांना विचारून सांगितले.

आज तिघं बसलो. दर महिन्याला एक कार्यक्रम करायचा, नाव ‘विज्ञान कट्टा’. पहिला १० सप्टेंबर, रविवार, सकाळी ११, सभामंडपात. नाव आणि बॅनरचा रंग ठरवण्यात दीड तास गेला. वेळ कोणती ठेवायची यावर एक मिनिटसुद्धा बोललो नाही.

१० सप्टेंबर

नऊ माणसं. त्यात आम्ही तिघं, वक्त्यांना घेऊन आलेला ड्रायव्हर आणि सरांची दोन मुलं.

ऑगस्ट अख्खा कोरडा गेला होता. सव्वा महिन्याच्या खंडानंतर आताशी पाऊस आला, वाफसा झाला आणि सगळं गाव खत टाकायला शेतात. हे तिघांनाही माहीत होतं. तरी रविवार सकाळी अकराच धरले, कारण शहरात भाषणं रविवारी अकराला असतात.

दुसरी चूक, प्रोजेक्टर. सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा. भर उन्हात पडद्यावर काय दिसणार? वक्ते भले गृहस्थ, चौऱ्याऐंशी स्लाइड घेऊन आले होते. त्या आम्हाला दिसत नव्हत्या, पण त्यांनी एकही गाळली नाही.

खर्च: येण्याजाण्याचे ७००, प्रोजेक्टर भाडं ५००, शाल-श्रीफळ ३८०, चहा २४०. एकूण १,८२०. शाल-श्रीफळाचा पैसा साफ वाया. वक्तेच म्हणाले, घरी अशा चाळीस शाली आहेत.

समोरच्या ओट्यावरचे आप्पा सगळं बघत होते. म्हणाले, “भाऊ, हाई बिनकामना धंदा शे.” मी काही बोललो नाही. त्या दिवशी उत्तर नव्हतं.

२४ सप्टेंबर

विषय साप. वेळ रात्री साडेआठ, जागा गणपतीचा मांडव. मंडळाने माइक फुकट दिला. माणसं दीडशेच्या वर, बायाही भरपूर. खूश झालो आणि तिथेच गाफील राहिलो.

ज्यांना बोलावलं ते साप पकडतात. बोलणं दहा मिनिटं झालं असेल, तोच त्यांनी पिशवीतून बरणी काढली. आत नाग. मला आधी सांगितलं नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. नाग बाहेर काढल्याबरोबर पुढची पोरं मागे, मागची पोरं पुढे. एक खांब हलला, लायटिंगची माळ तुटली. पुढचा अर्धा तास मोबाइलवर फोटो आणि शिट्ट्या. चावल्यावर काय करायचं हा विषय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक दुकानात आले. साप पकडून असा खेळ मांडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, हे त्यांनी शांतपणे समजावलं. चहा घेतला नाही, त्यावरून काय ते समजलो. कोणाला पुढे असं करायचं असेल तर बोलावण्याआधी एकच वाक्य सांगा: जिवंत प्राणी आणायचा नाही.

खर्च पेट्रोलचे ५००. लायटिंगची माळ मी जोडून दिली.

८ ऑक्टोबर

तोच विषय पुन्हा, सापाशिवाय. माणसं सत्तरेक. नाग नाही म्हटल्यावर निम्मी पोरं आली नाहीत, ते बरंच झालं.

या वेळी सहा बाय चारचा फ्लेक्स छापला (३६० रुपये). त्यावर नाग, मण्यार, घोणस, फुरसे, आणि सापांची लांबी खरीखुरी ठेवली. ही कल्पना ताईंची आणि फार कामाची. फुरसं जेमतेम हातभर असतं हे बघून लोक चकित झाले. सगळ्यांच्या डोक्यात विषारी साप म्हणजे लांबलचक. खाली मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या शेजारी शेजारी. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. हा फरक एका आजोबांनी तीनदा विचारून घेतला आणि मग म्हणाले, “म्हणजे आतापर्यंत मारले ते निम्मे कवडेच.”

आरोग्य केंद्रातले डॉक्टर बोलले, वीस मिनिटंच. बाकी तासभर प्रश्न. कट्टा कसा चालवायचा ते त्या तासात कळलं. आमच्याकडे शेतीची वीज पाळीपाळीने रात्री असते. माणूस केळीच्या बागेत रात्री दोनला पाणी धरायला जातो, पायात स्लिपर, हातात मोबाइलची बॅटरी. त्यामुळे प्रश्नही तसलेच. मण्यार चावली तर दुखत का नाही? (पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो.) घट्ट बांधायचं का? (नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन.) कोणता साप ते कळलं नाही तर इंजेक्शन कोणतं? (आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर एकच आहे. साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही.)

शेवटच्या उत्तरावर मागे कुजबुज झाली. मागच्या वर्षी एका घरचे लोक साप शोधत अर्धा तास थांबले होते. त्या घरातलं माणूस समोरच बसलं होतं. पुढे काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.

फ्लेक्स आता पिठाच्या गिरणीबाहेर लावलाय. दळण होईपर्यंत लोक वाचतात. चहा ३०० धरून खर्च ६६०.

२८ ऑक्टोबर, कोजागिरी

यंदा कोजागिरीलाच खंडग्रास चंद्रग्रहण. रात्री १:०५ ते २:२३. आम्हाला वाटलं, यापेक्षा चांगला योग कोणता? दूध आटवू, ग्रहण बघू. पण वेध दुपारपासूनच लागलेले. वेधात दूध प्यायचं का, यावर गावात दोन तट पडले. सर वाद घालायला निघाले होते. ताईंनी अडवलं: “सर, आपण दूध वाटायचं का प्रवचन द्यायचं, ते आधी ठरवा.”

मग असं ठरलं की ज्यांना चालतं त्यांनी साडेनऊला प्यावं, ज्यांना नाही त्यांच्यासाठी अर्धं झाकून ठेवायचं, ग्रहण सुटल्यावर या. वीस लिटर दूध. खालचं चार लिटर करपलं, कारण ढवळणारे दोघं मोबाइलवर मॅच बघत होते.

आता माझी चूक. मी ग्रुपवर टाकलेल्या जाहिरातीत चंद्र लालभडक होता. ते चित्र खग्रासचं. इथे पृथ्वीची छाया चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा भाग झाकणार होती. पावणेदोनला, ऐन मध्याला, कडेला एवढासा चावा. जागी राहिलेली चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. एक पोरगा म्हणाला, “काका, एवढ्यासाठी झोपेचं खोबरं?”

वाचवलं ते गुरूने. चंद्राच्या अगदी जवळ ठळक दिसत होता. सरांची दुर्बीण हातात धरली की हलते, म्हणून ताडपत्रीच्या बांबूला टेकवून धरली. गुरूच्या शेजारी बारीक ठिपके दिसले, त्याचे चंद्र. मग रांग लागली. अर्ध्या लोकांना ते दिसले नसावेत, पण ‘दिसले’ सगळेच म्हणाले. तेवढ्यात ताईंनी दिव्यासमोर वाटी धरून भिंतीवर सावली पाडली. वाटी कशीही फिरवली की सावलीचा आकार बदलतो, चेंडू कसाही फिरवला तरी गोलच. चंद्रावरची कड दर ग्रहणाला गोलच का, हे पोरांना तिथे समजलं.

अडीचला अकरा बाया अंघोळ करून, ओल्या केसांनी आल्या आणि त्यांनी गरम केलेलं दूध घेतलं. त्यातल्या एकीने सरांना विचारलं, “मास्तर, मग चावा कोणत्या बाजूनी घेतला ते दाखवा.” तोवर चंद्र पूर्ण सुटला होता. सरांनी वाटीवर दाखवलं.

खर्च १,६५०. डब्यात जमले १,४००.

नोव्हेंबर

काही झालं नाही. दिवाळी, मग कापूस वेचणी, महिनाअखेरीस अवकाळी. लोकांच्या घरात ओला कापूस पसरलेला असताना तारे बघायला चला म्हणायची हिंमत झाली नाही. महिना गाळला. ‘दर महिन्याला’ हा शब्द बॅनरवरून काढून टाकला.

१४ डिसेंबर, गुरुवार

मिथुन राशीतला उल्कावर्षाव. दोन दिवसांपूर्वीच अमावास्या झालेली, त्यामुळे अंधार चांगला. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. एवढं सरांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि थांबले. सरही शिकतायत.

जागा गावाबाहेरचं कापणी झालेलं शेत. पण देवळाचा फ्लडलाइट आणि रस्त्याचे दिवे थेट डोळ्यात. पुजारीबाबांनी फ्लडलाइट बंद केला. रस्त्याच्या दिव्यांसाठी मी वायरमनला सोबत घेऊन त्या फेजचा फ्यूज काढवला. आयुष्य मोटारी-फ्यूजात गेलं माझं. तरी टाकीवर पाणी चढवणारी मोटारसुद्धा त्याच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर आहे, हे डोक्यात आलं नाही. पहाटे फ्यूज लावायचं आम्ही दोघंही विसरलो. एक फेज नाही म्हटल्यावर मोटार सुरूच झाली नाही आणि सकाळी नळाला थेंब नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाने मला उल्कांबद्दल विचारलं, पण वेगळ्या सुरात.

बाकी झकास. थंडी कडाक्याची, मे महिन्यातल्या आमच्या उन्हाइतकीच खरी. ताडपत्र्या अंथरून पोरं गोधड्यांत आडवी. सगळ्यांचे मोबाइल एका घमेल्यात जमा केले. डोळा अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एक मेसेज बघितला की ती वीस मिनिटं गेली. बॅटरीवर गणपतीच्या सजावटीतला लाल जिलेटिन कागद बांधला. चार पोरांना चार दिशा दिल्या, वहीत रेघ मारायची. बारा ते एक या तासात ६१ रेघा. एकच उल्का दोघांनी मोजली असणार, ते धरून सर म्हणाले पन्नास समजा. पोरं एकसष्टवरच ठाम.

रात्री एकला बागेत पाणी धरायला निघालेले दोघं शेतकरी आमच्यापाशी थांबले. “तुम्ही रोज जागता तर हे रोज दिसत असेल,” असं मी म्हणालो. तर एक म्हणाला, “भाऊ, आम्ही खाली बघून चालतो.” ऑक्टोबरमधला फ्लेक्स आठवला.

खर्च २००, चहा-जळण.

७ जानेवारी २०२४

हतनूर. हे पैशाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

तापी आणि पूर्णा जिथे मिळतात त्या चांगदेवच्या खाली हतनूर धरण, त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. बावीस जण, दोन क्रूझर. पहाटे पाचला निघायचं होतं, सव्वासातला निघालो. एकाचा स्वेटर, एकीचे पोहे, एका क्रूझरचा डिझेल पंप. मधे नाश्त्याला थांबलो. पाण्यावर पोचायला साडेदहा. तोवर ऊन चढलेलं, पक्षी आत पाण्यात लांब गेलेले आणि बावीस जणांत दुर्बीण एक. एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट.

तरी चक्रवाकाची एक जोडी काठाजवळ होती. नारिंगी-विटकरी अंग, फिकट डोकं. लडाख-तिबेटच्या बाजूने इथवर येतात हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “मग आपल्याकडे उन्हाळ्यात का थांबत नाहीत?” सगळे हसले. थापट्याची रुंद चोच मात्र दुर्बिणीशिवायही कळते. ती चोच पाण्यात घालून वखर ओढल्यासारखी चालतात ती बदकं.

क्रूझर ६,४००, नाश्ता ९००, एकूण ७,३००. माणशी १५० प्रमाणे जमले ३,३००. चार हजारांचा खड्डा.

परत येताना आमच्याच शिवारातल्या पाझर तलावाशी गाडी थांबली, लघवीला. तिथे वारकरी पक्ष्यांचा थवा आणि काठावर शेराट्या. हाकेच्या अंतरावर. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढच्या तीन रविवारी सकाळी साडेसहाला त्याच तलावावर गेलो, चालत, खर्च शून्य. तुम्ही पहिली सहल काढाल तर गावाच्या पाण्यावरच काढा. लांबचं धरण नंतर.

११ फेब्रुवारी

रानपिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची गोष्ट, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. हा आपल्या खानदेशातला पक्षी, आणि आपल्यालाच माहीत नसतो. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने (मारून, भरून ठेवलेले पक्षी) गोळा केले, शेवटचा १८८४ चा. मग हा पक्षी कोणाला दिसेचना. मेनर्ट्झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ चा, गुजरातेतला म्हणून एक नमुना होता, त्यामुळे शोधणारे तिकडे शोधत राहिले. तो नमुना चोरीचा निघाला. डेव्हिडसनचाच जुना नमुना पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. ही लबाडी उघडकीला आणणाऱ्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी मग जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट सोबत असताना, शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी, दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर.

गोष्ट जोरदार आहे, पण वक्त्याचं पुस्तकी मराठी पाड्यावर पोचेना. दहा मिनिटांनी अकरावीतल्या एका मुलीने उठून पावरीत, म्हणजे पाड्यावरच्या बोलीत, सांगायला सुरुवात केली. चिठ्ठी बदलल्याचा भाग आला तेव्हा म्हातारे हसून लोळले. सातबाऱ्यावरची नावं बदलणारे त्यांना चांगले ठाऊक आहेत. उरलेला कार्यक्रम त्या मुलीनेच केला. मूळ वक्ता बाजूला बसून तिला चिठ्ठ्या देत होता.

चूक माझ्या लेकीची, म्हणजे माझीच. निघताना तिने मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज वाजवला आणि झाडावरून साधा पिंगळा खरंच जवळ आला. पोरं खूश. वक्त्याने मोबाइल काढून घेतला. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला. तो घरटं सोडून भांडायला निघतो, आणि हे दिवस विणीचे. आवाज वाजवायचा नाही. रानपिंगळा आम्हाला दिसला नाही.

डिझेल ४००.

३ मार्च, हिशोब

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन शाळेत झाला. रांगोळी, भाषणं, बक्षिसं. आमचं काही काम नव्हतं.

आजवर गेले १२,५३०. आले ६,८३०: कोजागिरीचे १,४००, हतनूरचे ३,३००, डब्यातले २,१३०. उरले ५,७००, तिघांच्या खिशातून प्रत्येकी १,९००. बायकोने वही बघितली. “मोटार फुकट भरून देता का कोणाला?” एवढंच म्हणाली.

त्यावर सरांनी पाटणच्या शिलालेखाचा किस्सा सांगितला. चाळीसगावजवळ पाटणादेवीला शके ११२८ च्या सुमाराचा लेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा. लेख संस्कृतात, पण शेवटी पैशाचं कलम आलं तिथे भाषा मराठी. बाजारातल्या विक्रीवर मठाला किती, तेलाच्या घाण्यामागे किती पळ्या, असं रोख. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कळलेलं की सिद्धान्त संस्कृतात चालतो, वर्गणी मराठीतच मागावी लागते.

गावात घाणा राहिला नाही. पिठाची गिरणी, कृषी केंद्र आणि माझं दुकान, तिघांनी महिन्याला शंभर शंभर द्यायचं ठरलं.

२१ एप्रिल

विषय गुलाबी बोंडअळी. मार्चच्या मध्यापासून आचारसंहिता, ग्रामपंचायतीची जागा बंद, माइकला परवानगी हवी. ज्यांना बोलावलं होतं त्या कृषी सहायकांना निवडणुकीचं काम लागलं, सकाळी फोन आला. वक्ता नाही, जागा नाही, माइक नाही. माणसं एकतीस, दुकानासमोरच्या निंबाखाली.

रद्द करणार होतो. मागे पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा ढीग होता, जळणाचा. एका शेतकऱ्याने त्यातली वाळकी, न उमललेली बोंडं तोडली आणि पेपरवर ठेवून चाकूने फोडायला लागला. मग सगळ्यांनीच चाकू काढले. चाळीस बोंडं फोडली, सातांत काहीतरी निघालं. कुठे कोष, कुठे दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधोमध मुटकुळं करून बसलेली अळी. एक अळी कॉइलवरच्या वार्निशसारख्या गुलाबी-तपकिरी रंगाची, उन्हात ठेवल्यावर हलली. जिवंत. एप्रिलच्या उन्हात, जळणाच्या ढिगात, घराच्या भिंतीला लागून.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. फरदड (वेचणी झाल्यावरही शेतात उभा ठेवलेला कापूस) जानेवारीनंतर का ठेवू नये, मेमध्ये ठिबकवर लवकर लावलेला कापूस तिला पहिला घास कसा ठरतो, सरकार बियाणं जूनपर्यंत का अडवतं, सगळं त्यांच्यातच बोललं गेलं. जोरदार भांडण झालं. ज्याची फरदड होती तो तणतणत निघून गेला आणि संध्याकाळी त्याच्याच घरून ढीग पेटल्याचा धूर दिसला.

खर्च शून्य. आजवरचा सगळ्यात चांगला कार्यक्रम, आणि त्यात आमचा हात नव्हता.

२६ मे, रविवार

शून्य सावली. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस. जळगाव-भुसावळला काल होता, आम्ही थोडे उत्तरेला म्हणून आज, १२ वाजून २६ मिनिटांनी. ‘आज संपूर्ण भारतात सावली गायब’ असा मेसेज फिरत होता. तो खोडून काढण्यातच सकाळ गेली. प्रत्येक गावाचा दिवस आणि मिनिट वेगळं, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेला तर तो दिवस येतच नाही.

दुकानातल्या थर्मामीटरवर सावलीत ४५. म्हणून नियम कडक: सव्वाबारापर्यंत सगळ्यांनी निंबाखाली, बाहेर फक्त दहा मिनिटं, डोक्याला रुमाल, पाण्याचे दोन जार, ताक. अनवाणी कोणी नाही.

शाळेचा झेंड्याचा खांब निवडला होता. १२:२६ झाले आणि सावली होतीच, चांगली वीतभर, आग्नेयेला. पोरं ओरडली, “गणित चुकलं!” सर घामाघूम होऊन मोबाइल बघतायत. गर्दीतल्या गवंडीदादाने खिशातून ओळंबा काढला आणि खांबाला लावला. खांब कललेला. गेली कितीतरी वर्षं आम्ही वाकड्या खांबाला सलाम करत होतो. ओळंब्याची दोरी त्याने तशीच हातात लटकवली आणि लोखंडी भोवरा जमिनीच्या जरासा वर धरला. खाली त्याचीच काळी टिकली, दोरीची रेघ नाही. मागून एक बाई म्हणाली, “सावली गयी वं माय!”

पुढच्या खेपेला आदल्या दिवशी ओळंबा लावून बघायचा.

तेवढ्यात आप्पा, तेच ‘बिनकामना धंदा’ म्हणणारे, काठी टेकत आले. आज विहिरीत बघा म्हणाले. गावठाणातली जुनी दगडी विहीर, चाळीसेक फूट खोल, कठडा कमरेइतका. एरवी तळ कायम काळाच. मी पोरांना मागे लावलं, चार चार जणांनाच कठड्याशी सोडलं. आत ऊन सरळ तळापर्यंत उतरलेलं. एकाही भिंतीची सावली पाण्यावर नाही, काठापासून काठापर्यंत सगळं पाणी उजळलेलं. चार-पाच फूटच उरलं होतं, निवळशंख. एक कासव, दोन चपला, प्लास्टिकचा बॉल आणि मधोमध गाळात अर्धी रुतलेली पितळी कळशी.

आप्पांच्या घरच्या जिजी कठड्याला टेकून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “हाई मनी कळशी शे.” लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दोर तुटून पडली होती. सासूने दोन दिवस बोलणं टाकलं होतं म्हणे. आप्पा म्हणाले, तेव्हा गळ टाकून टाकून हात दुखले, सापडली नाही.

१२:३४ ला सगळ्यांना निंबाखाली आणलं. चक्कर कोणालाच आली नाही. ताक संपलं, खर्च ३५०, गिरणीच्या वर्गणीतून.

२७ मे

शेजारच्या गावातून गळ मागवला, आमच्याकडे आता कोणाकडे नाही. आज बारा-वीसला परत विहिरीवर. एका दिवसाने ऊन फारसं हललेलं नाही, तळ तसाच दिसतो. तिसऱ्या टाकीत कळशी अडकली. कड चेपलेली, बुडाला गाळ. जिजींनी ती चिंच लावून घासायला घेतली आहे.

जूनचा विषय अजून ठरला नाही.